पोस्ट आक्षेपार्ह, पण शिक्षा कोणत्या नियमाने?

समाजमाध्यमावरील मजकुरासाठी विद्यार्थ्याला वर्गाबाहेर काढण्याचा अधिकार सार्वजनिक विद्यापीठांना आहे काय? या प्रश्नाचे उत्तर राज्यघटना, विद्यापीठ कायदा आणि गेल्या साठ वर्षांतील न्यायालयीन निकाल यांत विखुरलेले आहे. त्याचा हा आढावा.

मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू असताना पुण्यातील एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुणीने भारत सरकारवर टीका करणारी एक पोस्ट इन्स्टाग्रामवर पुन्हा प्रसिद्ध केली. मजकूर तिचा स्वतःचा नव्हता. धमक्या येऊ लागताच दोन तासांच्या आत तिने ती पोस्ट काढून टाकली आणि माफीही मागितली. परंतु तोपर्यंत त्या पोस्टचे स्क्रीनशॉट सर्वत्र फिरू लागले होते. ९ मे रोजी पोलिसांनी तिला अटक केली आणि त्याच दिवशी महाविद्यालयाने तिला काढून टाकल्याचे पत्र काढले. संस्थेची बदनामी केली, राष्ट्रविरोधी भावना बाळगल्या आणि महाविद्यालयाच्या परिसराला व समाजाला धोका निर्माण केला, असा पत्रातील आरोपांचा आशय होता. पत्र काढण्यापूर्वी तिची बाजू ऐकून घेण्यात आली नव्हती. सत्र परीक्षा अवघ्या दोन आठवड्यांवर होती आणि परीक्षार्थी येरवडा कारागृहात होती.

२७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या सुटीकालीन खंडपीठाने (न्या. गौरी गोडसे आणि न्या. सोमशेखर सुंदरेसन) अटकेची कारवाई धक्कादायक असल्याचे सुनावून तिची त्याच दिवशी सुटका करण्याचा आदेश दिला. महाविद्यालयाच्या निष्कासन आदेशालाही स्थगिती मिळाली आणि उरलेल्या विषयांची परीक्षा देण्याचा तिचा मार्ग मोकळा झाला. मात्र परीक्षा तोपर्यंत सुरू झालेली होती आणि होऊन गेलेले पेपर मागे आणणे न्यायालयाच्याही हाती नव्हते.

हा आदेश अंतरिम स्वरूपाचा होता. विद्यार्थ्याच्या पोस्टवर शिक्षण संस्थेचा अधिकार कोठवर चालतो, याचा अंतिम निवाडा त्यात नव्हता. पण त्याने पुढे आणलेला प्रश्न राज्यातील प्रत्येक विद्यापीठासमोर उभा आहे. विद्यार्थ्यांचे अर्धे आयुष्य आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर जाते. तेथे केलेला विनोद, शेरेबाजी, राजकीय टीका वा शिवीगाळ दुसऱ्या दिवशी सकाळी प्राचार्यांच्या टेबलावर तक्रार होऊन येते. अशा वेळी संस्थेने काय करावे आणि काय करू नये?

पोलीस वेगळे, विद्यापीठ वेगळे

सर्वप्रथम दोन गोष्टींची गल्लत टाळायला हवी. पोस्टमुळे कायद्याने सांगितलेला गुन्हा घडला असेल, तर त्याचा तपास पोलीस करतात आणि निकाल न्यायालय देते. विद्यापीठाची कारवाई ही शिस्तभंगाची कारवाई असते. एखादे कृत्य गुन्हा नसूनही शिस्तभंग असू शकते. परीक्षेत शेजाऱ्याची उत्तरपत्रिका पाहणारा विद्यार्थी हे त्याचे साधे उदाहरण. उलट बाजूने, गुन्हा नोंदवला गेला म्हणजे शिस्तभंग आपोआप सिद्ध झाला, असेही होत नाही. प्राथमिक माहिती अहवाल हा आरोप असतो, निकाल नव्हे. तरीही व्यवहारात ‘पोलिसांत गुन्हा दाखल’ एवढ्या एका वाक्यावर निलंबनाची पत्रे निघतात.

महाराष्ट्रातील बहुतांश राज्य विद्यापीठे, म्हणजे मुंबई, सावित्रीबाई फुले पुणे, शिवाजी, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा आदी, ‘महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६’ या कायद्याखाली चालतात. १ मार्च २०१७ पासून तो अमलात आला. विद्यापीठाच्या विभागांमधील विद्यार्थ्यांच्या शिस्तीचे अधिकार या कायद्याने कुलगुरूंकडे सोपवले आहेत आणि संलग्न महाविद्यालयांत प्राचार्यांना आपल्या संस्थेपुरते तसे अधिकार आहेत. तेव्हा ‘विद्यापीठाला अधिकारच नाही’ हे म्हणणे टिकणारे नाही. अधिकार आहे, पण तो अमर्याद नाही.

मर्यादा येते ती विद्यापीठाच्या स्वरूपातून. कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ घटनेच्या अनुच्छेद १२ मधील ‘राज्य’ या व्याख्येत मोडते. श्रीनगर येथील प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशासंबंधीच्या अजय हसिया खटल्यात (१९८१) सर्वोच्च न्यायालयाने शासनाच्या नियंत्रणाखालील नोंदणीकृत सोसायटीलाही हीच व्याख्या लागू केली. म्हणजेच कुलगुरू एखाद्या विद्यार्थ्याला त्याच्या बोलण्यासाठी शिक्षा करतात, तेव्हा ती शिक्षा राज्यसंस्थेनेच केलेली असते आणि अनुच्छेद १९ मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्य तेथे लागू होते.

खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांची स्थिती थोडी निराळी आहे. तथापि, शिक्षणासारखे सार्वजनिक कार्य करणाऱ्या खासगी विश्वस्त संस्थेलाही उच्च न्यायालय आदेश देऊ शकते, असे गुजरातमधील एका महाविद्यालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले. त्यापुढे जाऊन जानेवारी २०२३ मध्ये कौशल किशोर खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बहुमताने असा निर्वाळा दिला, की अनुच्छेद १९ व २१ मधील हक्क राज्यसंस्थेखेरीज इतरांविरुद्धही बजावता येऊ शकतात. ‘आमची संस्था खासगी आहे’ ही ढाल त्यामुळे पूर्वीएवढी भक्कम राहिलेली नाही.

‘आक्षेपार्ह’ हा निकष घटनेत नाही

अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, हे सर्वांना ठाऊक असते. ते कोणत्या कारणांसाठी, हे मात्र फारसे वाचले जात नाही. अनुच्छेद १९(२) मध्ये आठ कारणे दिली आहेत: देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि अपराधाला चिथावणी. या यादीत ‘आक्षेपार्ह’ हा शब्द नाही. कोणाच्या तरी भावना दुखावणे, संस्थेला अडचणीत आणणे किंवा वरिष्ठांना न रुचणे ही कारणेही तेथे स्वतंत्रपणे आढळत नाहीत.

या मुद्द्यावरील देशातील सर्वांत महत्त्वाच्या निकालाचे मूळ महाराष्ट्रात आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत पाळल्या गेलेल्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर टिप्पणी केली आणि तिच्या मैत्रिणीने ती ‘लाइक’ केली. दोघींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ विरुद्ध जी याचिका त्यातून सर्वोच्च न्यायालयात गेली, ती श्रेया सिंघल खटला म्हणून ओळखली जाते. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने हे कलम पूर्णपणे रद्द केले. ‘अत्यंत आक्षेपार्ह’, ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचे’ हे शब्द इतके मोघम आहेत, की कशावर कारवाई होईल हे सामान्य नागरिकाला आधी कळूच शकत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. एखाद्या विषयाची चर्चा करणे, त्याचा पुरस्कार करणे आणि त्यासाठी चिथावणी देणे या तीन पायऱ्या न्यायालयाने वेगळ्या केल्या. पहिल्या दोन पायऱ्या, त्या कितीही अप्रिय असल्या तरी, स्वातंत्र्याच्या कक्षेत येतात. निर्बंधाचा प्रश्न तिसरीपाशी सुरू होतो.

त्यानंतरचे दोन निकाल याच दिशेचे आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या प्राध्यापकाने व्हॉट्सॲपच्या स्टेटसमध्ये अनुच्छेद ३७० निष्प्रभ केल्याचा दिवस ‘काळा दिवस’ म्हटला आणि पाकिस्तानला त्याच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्यावरील गुन्हा रद्द करण्यास नकार दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०२४ रोजी तो रद्द केला; शासनाच्या निर्णयावर टीका करण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे, असे न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने नमूद केले. पुढील वर्षी, २८ मार्च २०२५ रोजी, याच दोन न्यायमूर्तींनी खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर समाजमाध्यमावरील चित्रफितीसाठी गुजरातमध्ये नोंदवलेला गुन्हा रद्द केला.

शब्दांचा परिणाम जोखताना कोणता वाचक डोळ्यांसमोर ठेवायचा, यासाठी न्यायालयाने तेव्हा जो निकष वापरला, तो नागपूरचा आहे. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या नागपूर उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी तो स्वातंत्र्यापूर्वीच मांडला होता. विवेकी, खंबीर आणि धीट मनाच्या माणसावर शब्दांचा काय परिणाम होईल ते पाहावे; जो प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगतो, अशा दुबळ्या मनाच्या माणसाचे मोजमाप लावू नये, असा त्याचा आशय आहे. शिस्तपालन समितीच्या बैठकीत हा निकष मेजावर असला, तर निम्म्या तक्रारी तेथेच निकाली निघतील.

हे निकाल फौजदारी कायद्यासंबंधी आहेत, शिस्तभंगाच्या कारवाईला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत, असा प्रतिवाद केला जाऊ शकतो आणि त्यात तथ्य आहे. परंतु जो मजकूर गुन्हा ठरत नाही आणि घटनेच्या आठही कारणांत बसत नाही, त्यासाठी राज्यसंस्थेच्याच एका अंगाने विद्यार्थ्याचे वर्ष बुडवावे, याला मग वेगळे आणि सबळ कारण द्यावे लागते. ते कारण ‘पोस्ट आवडली नाही’ हे असू शकत नाही.

नियम आधी, शिक्षा नंतर

निर्बंध ‘कायद्याने’ घातलेला असावा लागतो, ही दुसरी अट. केरळमधील एका शाळेने १९८५ मध्ये तीन भावंडांना काढून टाकले. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण धार्मिक श्रद्धेमुळे गात नसत. शाळेने आधार घेतला होता तो शिक्षण खात्याच्या परिपत्रकांचा. बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट १९८६ रोजी मुलांच्या बाजूने निकाल दिला. या परिपत्रकांना कायद्याचे पाठबळ नाही, त्यामुळे त्यांच्या आधारे मूलभूत हक्कावर निर्बंध घालता येणार नाही, हा त्या निकालाचा एक प्रमुख आधार होता.

समाजमाध्यमांच्या बाबतीत या निकालाचे महत्त्व मोठे आहे. अनेक महाविद्यालयांच्या नियमावलीत ‘संस्थेच्या प्रतिमेला बाधा येईल असे कोणतेही वर्तन’ अशा अर्थाचे एखादे कलम असते. या वाक्यात वसतिगृहाच्या भोजनावरील तक्रारीपासून हिंसेच्या धमकीपर्यंत काहीही बसवता येते. ज्या मोघमपणामुळे संसदेने केलेले कलम टिकले नाही, तोच मोघमपणा महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात टिकेल, असे मानणे कठीण आहे. प्रकरण घडल्यानंतर काढलेल्या परिपत्रकाने आधीची पोस्ट शिक्षापात्र ठरवणे, हे तर त्याहून दूरचे.

प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी व पालक हमीपत्रावर सह्या करतात, त्याचे काय? नियम पाळण्याची हमी बंधनकारक असते, यात शंका नाही. पण हमीपत्र लिहून देऊन मूलभूत हक्क सोडून देता येत नाही. मुंबईच्या पदपथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्यात (१९८५) सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व ठामपणे मांडले आहे.

कोठे शिक्षा करता येते, करावीही लागते

याचा अर्थ पडद्यावर लिहिलेले सर्व काही सुरक्षित आहे, असा मुळीच नाही. काही मजकूर असा असतो, की त्यावर कारवाई न करणे हीच संस्थेची चूक ठरेल.

वर्गातील मुलीचे बनावट वा खासगी छायाचित्र समूहात टाकणे, तिच्या नावाने खोटे खाते उघडणे, अश्लील संदेशांचा भडिमार करणे ही लैंगिक छळाची प्रकरणे आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार त्यांची चौकशी अंतर्गत तक्रार समितीने करायची असते. वसतिगृहातील कनिष्ठ विद्यार्थ्याला व्हॉट्सॲपच्या समूहात घेऊन रात्री-अपरात्री अपमानास्पद कामे सांगणे हे रॅगिंगच; आयोगाचे २००९ चे विनियम आणि महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंग प्रतिबंध कायदा त्यासाठी आहेत. सहाध्यायाला त्याच्या जातीवरून ऑनलाइन हिणवणे हा केवळ ‘मताचा’ प्रश्न राहत नाही. तो अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत जाऊ शकतो आणि भेदभाव रोखण्याचे कर्तव्य संस्थेवर आहेच. मारहाणीची धमकी, फुटलेल्या प्रश्नपत्रिकेचा प्रसार, विद्यापीठाच्या नावाने बनावट परिपत्रक काढून परीक्षा पुढे ढकलल्याची अफवा, रुग्णालयात शिकणाऱ्याने रुग्णाचे छायाचित्र प्रसिद्ध करणे, अशी ही यादी वाढवता येईल.

या सर्व उदाहरणांत एक समान धागा आहे. प्रत्येक ठिकाणी ठराविक व्यक्तीचे किंवा संस्थेच्या शैक्षणिक कामाचे दाखवता येण्याजोगे नुकसान आहे आणि त्याचा संस्थेशी थेट संबंध आहे. अशा वेळी पोस्ट रात्री घरून केली की वर्गात बसून, हा प्रश्न गौण ठरतो. याउलट युद्ध, निवडणूक, आरक्षण, धर्म, चित्रपट वा पुढारी यांविषयी विद्यार्थ्याने आपल्या खात्यावर मत मांडले, तर त्याचा संस्थेशी संबंध एवढाच असतो, की तो तेथे शिकतो. विद्यापीठातील विद्यार्थी सज्ञान असतो आणि मतदानही करतो. सभेत जे बोलण्याचा त्याला हक्क आहे, ते लिहिल्याबद्दल परीक्षेस मज्जाव करण्यासाठी संस्थेने पालकत्वाचा आधार घेणे कायद्याला धरून होत नाही.

संस्थेचे नाव वापरले तर?

या दोन टोकांच्या मध्ये एक करडा प्रदेश आहे आणि त्याचे उत्तम उदाहरण मुंबईतील टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजेच ‘टिस’ने पुरवले. या अभिमत विद्यापीठाने एप्रिल २०२४ मध्ये एका पीएच.डी. संशोधकाला दोन वर्षांसाठी निलंबित केले. दिल्लीतील एका मोर्चात संस्थेचे नाव असलेल्या फलकाखाली सहभागी होणे आणि जानेवारी २०२४ मधील अयोध्येच्या सोहळ्यापूर्वी ‘राम के नाम’ हा माहितीपट पाहण्याचे समाजमाध्यमावरून आवाहन करणे, या गोष्टी आरोपांत होत्या. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ही याचिका फेटाळली. विद्यार्थ्याला राजकीय मत असू शकते, मात्र संस्थेच्या नावाखाली ते मांडल्यास ते संस्थेचेच मत असल्याचा समज होतो, यावर न्यायालयाचा भर होता. २ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निलंबनाचा कालावधी भोगलेल्या काळापुरता कमी केला आणि संशोधन पूर्ण करण्याची वाट मोकळी केली.

या प्रकरणातून दोन्ही बाजूंना धडा घेता येतो. संस्थेचे नाव व बोधचिन्ह वापरल्यास शिस्तीचा प्रश्न उपस्थित होऊ शकतो, हे विद्यार्थ्यांनी ओळखावे. आणि असा प्रश्न उपस्थित झाला तरी दोन वर्षांचे निलंबन सर्वोच्च न्यायालयात पूर्ण मुदतीचे उरले नाही, हे संस्थांनी. समज देणे, खुलासा प्रसिद्ध करायला लावणे, समुपदेशन, दंड, अल्पकाळ निलंबन अशा अनेक पायऱ्या हाताशी असताना पहिलीच उडी निष्कासनावर का, याचे उत्तर शिक्षा करणाऱ्याला द्यावे लागते.

ऐकून घेणे ही उपचाराची बाब नाही

विद्यार्थ्यांविरुद्धच्या कारवाया न्यायालयात कोसळतात त्या बहुधा याच पायरीवर. उत्तर प्रदेशातील शालान्त मंडळाने परीक्षेतील गैरप्रकाराच्या संशयावरून तिघा विद्यार्थ्यांचे निकाल रद्द केले होते. त्यांना बाजू मांडण्याची संधी द्यायलाच हवी होती, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये घनश्याम दास गुप्ता खटल्यात सांगितले. तेव्हापासून हा दंडक कायम आहे. आरोप लेखी द्यावा, पुरावा दाखवावा, उत्तराला पुरेसा वेळ द्यावा आणि निर्णयाची कारणे लिहावीत.

एप्रिल २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायपीठाने दिल्ली विद्यापीठाचा एक आदेश याच कारणांनी रद्द केला. बीबीसीच्या माहितीपटाच्या प्रदर्शनात भाग घेतल्याचा आरोप ठेवून एका पीएच.डी. संशोधकाला एका वर्षासाठी परीक्षेस बसण्यास मनाई करण्यात आली होती. माहितीपट दाखवणे योग्य होते की अयोग्य, हा प्रश्नच आला नाही. आदेशात स्वतंत्र विचार व कारणे दिसत नाहीत, एवढे पुरेसे ठरले.

चौकशी म्हणजे फौजदारी खटला नव्हे, हेही न्यायालयांनी मान्य केले आहे. रांचीच्या वैद्यकीय महाविद्यालयात मुलींच्या वसतिगृहात शिरून धिंगाणा घालणाऱ्या विद्यार्थ्यांना साक्षीदार मुलींची नावे न सांगता, त्यांची उलटतपासणी होऊ न देता काढून टाकण्यात आले होते. मुलींच्या सुरक्षिततेचा विचार करून सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये ती कारवाई वैध ठरवली. पोस्टच्या प्रकरणांत मात्र अशी अडचण क्वचितच येते. पुरावा पडद्यावरच असतो. ती पोस्ट खरोखर त्याच विद्यार्थ्याची आहे का, स्क्रीनशॉट अर्धवट कापलेला आहे का, खाते दुसऱ्याच्या ताब्यात गेले होते का, आणि मजकूर किती वेळ राहिला, एवढे विचारायला एक दिवस पुरतो. घाईचे कारण सहसा महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर असते.

तेथे घोषणा देणारा जमाव असतो, निवेदन घेऊन आलेले कार्यकर्ते असतात आणि ‘आज संध्याकाळपर्यंत कारवाई करा’ अशी मुदत असते. प्राचार्यांची अडचण खरी आहे. परिसरात दगड पडले तर जबाबदारी त्यांच्यावर येते. पण विरोधकांच्या धमकीला घाबरून बोलणाऱ्याचे तोंड बंद करणे हा उपाय नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये एस. रंगराजन खटल्यात एका तमिळ चित्रपटाच्या निमित्ताने सांगून ठेवले आहे. विरोधी जमाव आवरता येत नाही, ही सबब राज्यसंस्थेला सांगता येत नाही. ज्या विद्यार्थ्याला धमक्या येत आहेत, त्याला संरक्षण देणे हे संस्थेचे पहिले काम आहे.

अमेरिकेतील सार्वजनिक विद्यापीठे

दरवर्षी महाराष्ट्रातून हजारो विद्यार्थी अमेरिकेतील राज्य विद्यापीठांत जातात, म्हणून तेथील स्थितीही समजून घेण्यासारखी आहे. तेथे खासगी विद्यापीठांना घटनेची पहिली दुरुस्ती लागू नाही. सार्वजनिक विद्यापीठांना ती लागू आहे. मिसुरी विद्यापीठाने अशिष्ट व्यंगचित्र असलेले नियतकालिक वाटल्याबद्दल एका विद्यार्थिनीला काढून टाकले, तेव्हा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये पॅपिश खटल्यात ही कारवाई रद्द केली. विचार कितीही किळसवाणा वाटला, तरी केवळ सभ्यतेच्या नावाखाली सार्वजनिक विद्यापीठाला तो दडपता येत नाही, असा त्याचा अर्थ. २०२१ मध्ये स्नॅपचॅटवरील शिवीगाळीबद्दल शाळकरी मुलीवर झालेली कारवाईही त्याच न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने अवैध ठरवली.

मात्र मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये वेगळा निकाल दिला. अंत्यसंस्कारविषयक अभ्यासक्रमाच्या विद्यार्थिनीने प्रयोगशाळेतील मृतदेहाविषयी फेसबुकवर थट्टेचा मजकूर लिहिला होता. देहदान करणाऱ्यांचा आदर राखण्याचा नियम त्या व्यवसायाशी थेट निगडित होता आणि तो विद्यार्थ्यांना आधीच लेखी दिलेला होता, म्हणून शिक्षा वैध ठरली. दोन देशांच्या घटना वेगळ्या असल्या, तरी स्पष्ट, पूर्वप्रसिद्ध आणि कामाशी संबंधित नियम असावा, ही अपेक्षा दोन्हीकडे सारखीच दिसते.

मराठी पालकांनी एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. विद्यापीठाच्या शिक्षेपासून मिळणारे संरक्षण व्हिसाच्या खिडकीवर उपयोगी पडेलच, असे नाही. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना आपली समाजमाध्यमांवरील खाती तपासणीसाठी सर्वांना दिसतील अशी खुली ठेवण्यास सांगितले.

वेळ निघून जाण्यापूर्वी

विद्यार्थ्याला नोटीस आली, तर ती लेखी घ्यावी. कोणत्या नियमाचा भंग झाला, हे विचारावे. मूळ पोस्ट, तिची वेळ व संदर्भ यांच्या नोंदी जपून ठेवाव्यात आणि उत्तर मुदतीत द्यावे. संस्थेत दाद लागली नाही, तर आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनी आखलेली तक्रार निवारण समिती व लोकपाल ही व्यवस्था आहे. परीक्षा तोंडावर असल्यास अनुच्छेद २२६ खाली थेट उच्च न्यायालयात जाता येते.

विद्यापीठांना करायचे काम त्याहून मोठे आहे. धमकी, छळ, रॅगिंग, जातीय अवहेलना, खासगीपणाचा भंग आणि बनावट दस्तऐवज यांची स्पष्ट व्याख्या करणारे नियम वेळेपूर्वी प्रसिद्ध करणे; शिक्षेच्या पायऱ्या ठरवणे; आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत परीक्षा, वसतिगृह व ग्रंथालय बंद न करणे, एवढे केले तरी बहुतेक प्रकरणे न्यायालयापर्यंत जाणार नाहीत. ज्या विद्यार्थ्यापासून इतरांना खरोखर धोका आहे, त्याच्यासाठी अपवाद ठेवता येईल; पण त्याची कारणे लिहावी लागतील.

सार्वजनिक विद्यापीठ विद्यार्थ्याला पोस्टसाठी शिक्षा करू शकते काय, याचे उत्तर ‘होय’ असे आहे. मात्र पोस्ट आक्षेपार्ह आहे, एवढ्या कारणासाठी ‘नाही’. नुकसान दाखवावे लागेल, नियम आधीचा असावा लागेल, बाजू ऐकावी लागेल आणि शिक्षा बेताची ठेवावी लागेल. या चार अटी कागदावर जुन्याच आहेत. त्या मोडल्याचे न्यायालय सांगेपर्यंत परीक्षा होऊन जाते, आणि शेतातून, चाळीतून किंवा दुसऱ्या राज्यातून शिकायला आलेल्या मुलासाठी एक बुडालेले वर्ष म्हणजे कित्येकदा सुटलेले शिक्षण असते. म्हणूनच हा प्रश्न न्यायालयाच्या पायरीवर सुटण्यापेक्षा प्राचार्यांच्या टेबलावर, पत्रावर सही होण्यापूर्वी सुटणे अधिक गरजेचे आहे.